गोदाकाकूंच्या स्वयंपाकघरातला तो

(सातारा, १९४१. विष्णुपंतांचं स्वयंपाकघर. गोदावरी चुलीपुढे भाकरी थापत आहे. तिचा धाकटा भाऊ विष्णुपंत पाटावर बसला आहे.)

विष्णुपंत: म्हणून सांगतो अक्का, निर्जीव वस्तूला लिंग नसतं. लिंग असतं ते शब्दाला. एवढंच सांगत मी जन्मभर मास्तरकी केली.

गोदावरी: आणि पोरांना पटलं?

विष्णुपंत: परीक्षेपुरतं.

गोदावरी: मला परीक्षा द्यायची नाही. मला डोळ्यांनी दिसतंय, चूल बाई आहे आणि स्टोव्ह पुरुष आहे. जिथं मी जन्मभर सोवळ्यानं वावरले, तिथं अनंतानं एक परका पुरुष आणून बसवला.

विष्णुपंत: तू सांगलीहून आलीस त्याला आठवडा होत आला. आल्या आल्या म्हणालीस, 'तो घरात आला आणि माझं घर संपलं.' मला वाटलं, अनंताचा कुणी मित्र येऊन ठाण मांडून बसलाय. मी मनातल्या मनात त्या मित्राला शिव्या घालत होतो. काल कळलं, पितळेचा स्टोव्ह.

गोदावरी: मित्र परवडला. मित्र जेवून जातो.

विष्णुपंत: पण अनंतानं तो आणला कशासाठी? पुतण्या तुझा, तूच सांग, तो काही उधळ्या नाही. संस्थानच्या कचेरीतला कारकून, छत्रीला ठिगळं लावून वापरतो.

गोदावरी: पद्मासाठी आणला. सूनबाईला धूर सोसत नाही. दिवस राहिल्यापासून फारच. चुलीपुढे बसली की डोळ्यांना धार लागते, खोकला येतो, एकदा तर घेरी येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, धुरात बसवू नका. मी म्हटलं, नका बसवू, मी आहे की. तर अनंता म्हणतो, 'काकू, तू तरी आणखी किती दिवस फुंकत बसणार?' दीर आणि जाऊ गेली तेव्हा हा एवढासा होता. माझ्या हातचं खाऊन वाढला, आणि माझेच दिवस मोजतो.

विष्णुपंत: काळजीनं म्हणाला असेल.

गोदावरी: काळजीनंच म्हणाला. म्हणून तर भांडताही येईना.

विष्णुपंत: बरं, त्या स्टोव्हनं तुझं काय बिघडवलं?

गोदावरी: तू पेटवलायस कधी? आधी रॉकेलचा काकडा लावून त्याचं अंग तापवायचं. मग पंप मारायचा. मग पिन घालायची. एवढी आर्जवं केली की साहेब उठणार. उठले की सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलत बसणार, शेजारी दुसऱ्यानं तोंड उघडायची सोय नाही. आणि जरा कुणाचं लक्ष हललं की फुस्स करून झोपले. तुझे मेहुणे थेट असे होते.

विष्णुपंत: अक्का.

गोदावरी: देवाघरी गेलेल्यांची निंदा करत नाही मी. सारखेपणा सांगते.

विष्णुपंत: आणि चूल कशी?

गोदावरी: चूल काय मागते रे? चार काटक्या आणि एक फुंकर. निजताना निखारा राखेत झाकून ठेवला की सकाळी उठून मुकाट कामाला लागते. कधी धूर काढते, नाही असं नाही. ओलं जळण पुढ्यात टाकलं तर कोण रडणार नाही?

विष्णुपंत: हे बघ, तू आधी शब्द धरलास आणि मग त्या शब्दातनं माणूस उभा केलास. समज, स्टोव्ह हा शब्द स्त्रीलिंगी असता. मग त्याच आवाजाला तू काय म्हणाली असतीस?

गोदावरी: पण तो नाही ना स्त्रीलिंगी.

विष्णुपंत: समज म्हणतोय.

गोदावरी: असं कसं समजू? उद्या म्हणशील, मला विष्णूची विष्णी समज.

विष्णुपंत: बरं. हे कोपऱ्यातलं जातं घे. जातं नपुंसकलिंगी. त्याला तू काय समजतेस?

गोदावरी: तान्हं पोर. मांडीशी घेऊन बसायचं, घास भरवायचे, गाणी म्हणायची, आणि भरवलेलं सगळं ते चहूकडे सांडणार.

विष्णुपंत: पाटा आणि वरवंटा?

गोदावरी: भाऊ भाऊ. एक नुसता पडून, दुसरा राबराब राबतोय. आपले काका आणि आपले बाबा यांचं काय निराळं होतं?

विष्णुपंत: कपबशी?

गोदावरी: नवरा-बायको. कपाला मान, तो तोंडाशी जातो. सांडलेलं सगळं बशीनं खाली बसून सांभाळायचं.

विष्णुपंत: तुझ्याकडे उत्तरं तयार आहेत. आता एक सांग. संस्कृतात बायकोला तीन शब्द आहेत. भार्या, हा स्त्रीलिंगी. दार, हा पुल्लिंगी, आणि तोही कायम अनेकवचनी. कलत्र, हा नपुंसकलिंगी. बाई तीच, घर तेच. मग ती बाई, बुवा की जातं?

गोदावरी: याचा अर्थ त्या पंडितांनी पानावरनं मान वर करून कधी पाहिलंच नाही, वाढतंय कोण ते.

विष्णुपंत: हे उत्तर माझ्या वर्गात कधी कुणी दिलं नाही.

गोदावरी: तुझ्या वर्गात सगळे मुलगेच होते.

विष्णुपंत: ते असो. पण स्टोव्ह आवाज करतो म्हणून कुणी घर सोडत नाही अक्का. तुझी भावजय लेकीच्या बाळंतपणाला वाईला गेलीय, तू आलीस म्हणून माझं पोट भरतंय, माझी काही तक्रार नाही. पण तिकडे सून पोटुशी आणि तू इथं. झालं काय नेमकं?

गोदावरी: तुझ्या त्या तिसऱ्या लिंगामुळं झालं. 'ते'मुळं.

विष्णुपंत: कुठल्या 'ते'मुळं?

गोदावरी: सूनबाईच्या. पद्मा जतची. वडील तिथं शाळेत मास्तर आहेत, पण घरात सगळं कानडी. आणि तिच्या कानडीत म्हणे माणूस तेवढा तो आणि ती, बाकी जगातल्या सगळ्या वस्तूंना मिळून एकच 'ते'. मराठी बोलते, गोड बोलते. पण 'ते भाकरी', 'ते दिवा', 'ते चूल'. लग्न झाल्यापासून सांगतेय, बाळ, चूल ती. 'होय काकू' म्हणते, आणि वळून लगेच, 'ते चूल विझलं.'

विष्णुपंत: त्यांच्या व्याकरणात तसंच आहे. तिची चूक नाही.

गोदावरी: असेल. पण कुणी चुलीला 'ते' म्हटलेलं मला सोसत नाही.

विष्णुपंत: का?

गोदावरी: सांगेन. आधी झालं काय ते ऐक. त्या दिवशी सकाळी मी देवघरात पूजेला बसले होते. अनंता मागे न्हाणीघरात. पद्मानं चहासाठी स्टोव्ह लावलेला. आतनं ओरडली, 'काकू, ते भडकलं.' आता घरातली सून 'ते' म्हणते म्हणजे कुणाला म्हणते?

विष्णुपंत: नवऱ्याला.

गोदावरी: मलाही तेच वाटलं.

विष्णुपंत: पण 'भडकलं' म्हणाली ना? नवरा असता तर 'भडकले' म्हणाली असती. क्रियापद बघायचं.

गोदावरी: तिची क्रियापदं कोण बघत बसतं? आणि अनंता तसा तापट आहेच. कचेरीला जायची घाई असली की टॉवेल सापडला नाही तरी भडकतो. मी पूजेतनंच म्हटलं, भडकू दे, तू काही करू नकोस. समोर शांत उभी राहा, उलट बोलू नकोस, आपोआप उतरेल.

विष्णुपंत: अरे देवा.

गोदावरी: थोड्या वेळानं पुन्हा, 'काकू, ते उतरत नाही, जास्तच चढलं.' मी म्हटलं, उपाशीपोटी असा चढतो तो, लहानपणापासनं. डब्यातला डिंकाचा लाडू काढून पुढ्यात ठेव.

विष्णुपंत: आणि तिनं ठेवला?

गोदावरी: पोर आज्ञाधारक आहे रे. तिला वाटलं, अग्नीला नैवेद्य दाखवायचा आपल्याकडे रिवाज असेल. अनंता निथळत्या पंच्यानं आत येऊन बघतो तर जाळ आढ्याला टेकलाय, वर काजळीचे गोळे लोंबतायत, आणि ही हात जोडून उभी. मध्ये ताटलीत लाडू. त्यानं भिजलेलं गोणपाट टाकून विझवलं तेव्हा विझलं.

विष्णुपंत: पोरीला काही झालं नाही ना?

गोदावरी: पदराचं टोक तेवढं करपलं. तू हसलास तरी चालेल. मी सुद्धा मोटारीत बसल्यावर हसले. पण अनंता हसला नाही. संध्याकाळी कचेरीतनं येताना नाथाजी गवंड्याला सांगून आला. म्हणाला, स्टोव्ह जमिनीवर असतो, पदर जवळ जातो, म्हणून हे झालं. आता उंच ओटा बांधायचा. आणि ओट्याला जागा कुठली? चुलीची. मी म्हटलं, चूल पाडणार तू? तर म्हणाला, 'काकू, मातीच तर आहे ती.'

विष्णुपंत: मातीच आहे.

गोदावरी: 'मातीच आहे ती' म्हणाला. शेवटी ती म्हणालाच ना? तोंडानं बाई म्हणायचं आणि हातानं पाडायचं. मी सांगितलं, मी जाते, मग काय पाडायचं ते पाड आणि मला पुन्हा तोंड दाखवू नकोस. गाठोडं बांधलं आणि मोटारीत बसले.

विष्णुपंत: मोटार चालली का? तीही रॉकेलच्याच भाऊबंदातली.

गोदावरी: मोटार बाई आहे. सावकाश आली, प्रत्येक ओढ्याला पाणी प्यायला थांबली, चढावर दमली तर उतरून घेतलं सगळ्यांनी. समजूतदार आहे.

विष्णुपंत: आता ते 'ते'चं सांग. का सोसत नाही?

गोदावरी: तू लहान होतास. तुझे मेहुणे गेले आणि मला लाल अलवणात बसवलं, त्यानंतर सासरी मला कुणी 'ती' म्हणेना. 'ते सोवळं आलं, सरका.' 'ते सोवळं समोरनं गेलं, जरा थांबून निघा.' माझ्यादेखत. पितळी भांड्याबद्दल बोलावं तसं. माझं नाव गोदावरी आहे हे मलाच आठवून बघावं लागायचं. मग जावेनं चूल हवाली केली. तिच्यापुढे बसले की बरं वाटायचं. तिला सगळे ती म्हणायचे ना. ती एक ती आणि मी एक ती, दोघीच असायचो. आता तिलाही कुणी 'ते' म्हणालं की वाटतं, हिचीही पाळी आली.

विष्णुपंत: हे तू कधी बोलली नाहीस मला.

गोदावरी: तू कधी विचारलंस? तू माहेरपणाला आलेल्या बहिणीला विभक्तीचे प्रत्यय विचारायचास.

विष्णुपंत: विचारायचो खरा. ...दारात कुणी आलंय. थांब, बघतो. कोण, बाळ?

पद्मा: मी पद्मा, मामा. सांगलीहून आले. काकू आहेत का?

गोदावरी: पद्मा? तू या दिवसांत मोटारीनं आलीस? आत ये, आधी भिंतीला टेकून बस. कुणी पाठवलं तुला?

पद्मा: कुणी नाही पाठवलं. मीच हट्ट केले. ते मोटार फार हललं, काकू.

विष्णुपंत: ती मोटार फार...

गोदावरी: विष्णू, पाणी आण. एकटी आलीस?

पद्मा: नाही की. ते बाहेर पायरीवर आहे.

गोदावरी: कोण ते? तो मेला स्टोव्ह इथं आणलास?

पद्मा: दोन्ही आलेत, काकू. ते पण आहेत आणि ते पण आहे. ते ते मांडीवर घेऊन बसलेत.

विष्णुपंत: या वाक्यात कर्ता कुठला आणि कर्म कुठलं?

गोदावरी: अनंता बाहेर पायरीवर स्टोव्ह मांडीवर घेऊन बसलाय. मला कळतं तिचं. पण आत का येत नाही तो?

पद्मा: तुम्ही म्हणालात ना, तोंड दाखवू नको म्हणून. मोटारीत पण तुमचंच बोलत होते. काकू, ओटा बांधला नाही.

गोदावरी: नाथाजी आला नाही?

पद्मा: आलं की. आले. पहार घेऊन आले. चूल बघितले आणि पहार भिंतीला लावून उभे केले. म्हणाले, 'थोरल्या बाई कुठं हायती? त्यांनी नारळ ठेवल्याबिगर मी हितं हात लावायचा न्हाई. दुसरा गवंडी बघा.' यांनी समजावलं, मातीच आहे म्हणून. तर म्हणाले, 'व्हय, मातीच. आमी पण मातीचंच हाय.' चहा पिऊन गेले.

गोदावरी: चहा कशावर केलास?

पद्मा: चुलीवर.

गोदावरी: धुरात बसलीस? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तुला? अनंता काय करत होता?

पद्मा: ते ओरडले. मी ऐकले नाही. थोडंच पेटवत होते काकू, सकाळी चार काटक्या. पोतेरं पण घातले रोज, तुम्ही घालता तसं. मला तुमच्यासारखं गुळगुळीत येत नाही.

विष्णुपंत: पण का, बाळ? तुझ्यासाठीच तर स्टोव्ह आणला होता.

पद्मा: ते चूल थंड पडलं होतं, मामा. काकू गेल्यावर कोपऱ्यात नुसतं गप्प बसलेलं. येता-जाता मला दिसायचं. आमच्या जतकडं पाऊस नाही झालं की माणसं वस्ती सोडून जातात. कधी एखादं वासरू मागं राहतं. दारात उभं राहतं. तसं दिसत होतं ते. मला बघवेना.

गोदावरी: वासरू म्हणालीस?

पद्मा: होय. वासरू पण ते, चूल पण ते. तुम्ही रागावता मला कळतं काकू. मला तो आणि ती पटकन येत नाही. विळी ती का, झारा तो का, मी रोज पाठ करते आणि रोज विसरते. आमच्यात सोपं आहे. ज्याला तोंडानं मागता येतं ते माणूस, पुरुषाला अव म्हणायचं, बाईला आकी म्हणायचं. ज्याला मागता येत नाही ते सगळं अदु. गाय, झाड, चूल, तान्हं पोर. अदु म्हणजे ते. त्यांना काय पाहिजे ते आपण ओळखायचं. आमची अव्वा, आई माझी, असंच सांगायची. मला वाटायचं 'ते' हे मायेचं शब्द आहे.

विष्णुपंत: अक्का, ऐकलंस?

गोदावरी: सकाळपासनं काही खाल्लंस का गं?

पद्मा: नाही. मळमळेल म्हणून खाल्ले नाही.

गोदावरी: मग बोलत काय बसलीस. ही भाकरी घे, ताज्या लोण्याबरोबर खा, सावकाश खा. विष्णू, त्यालाही आत बोलाव.

विष्णुपंत: त्याला तोंड दाखवायची बंदी आहे ना?

गोदावरी: भिंतीकडे तोंड करून जेवू दे.

विष्णुपंत: अनंता, ये रे आत. हुकूम झालाय. तिकडे नाही, भिंतीकडे बघून बस. हं. स्टोव्ह इथं मध्ये ठेव. घरचा नमस्कार वगैरे नंतर, आधी जेव. बोलू नकोस, तुझं बोलणंच नडलंय.

पद्मा: मामा, ते स्टोव्ह आम्ही तुमच्यासाठी आणले. मामी वाईहून येईपर्यंत चहाला होईल तुम्हाला. आम्हाला आता नको. काकूंना नको असेल ते घरात कशाला?

गोदावरी: आणि तुझा धूर?

पद्मा: मी लांब बसेन. तुम्ही चला फक्त. अव्वा म्हणाली, जतला या वर्षी विहिरी आटल्यात, बाळंतीण आणि पोर यांना पाणी कुठनं आणायचं, बाळंतपण सांगलीतच कर म्हणून. मला तिथं कोणी नाही काकू. यांना काय कळतं?

विष्णुपंत: भिंतीकडे बघणाऱ्याची मान हलतेय. मान्य आहे त्याला. अक्का, मला एक सुचतंय. शाळामास्तराचं डोकं आहे, हसू नकोस. स्टोव्ह हा साहेबाचा शब्द. आपल्याकडे येताना त्याला कुणीतरी पुल्लिंग चिकटवलं, का चिकटवलं ते चिकटवणाराच जाणे. पण मराठीत याच कामाचा जुना शब्द आहे. कोळशाची असते ती काय?

गोदावरी: शेगडी.

विष्णुपंत: मग ही रॉकेलची शेगडी. शेगडी शब्द...

गोदावरी: बाई आहे. ते सांगायला मास्तर कशाला हवा. शेगडी. ...पुढे आण बघू इकडे. खिडकीशी, उजेडात.

विष्णुपंत: आणली.

गोदावरी: पाय किती बारीक आहेत गं हिचे. आणि एवढालं पातेलं हिच्या डोक्यावर चढवत होतात तुम्ही?

पद्मा: होय काकू, पाण्याचं.

गोदावरी: अंग बघ, नुसती काळीठिक्कर. पितळ आहे का लोखंड, कळत नाही. घरात आणल्यापासनं कुणी हिला चिंच लावली का? तोंडात तर काजळी बसलीय. श्वास कसा घ्यायचा हिनं? म्हणून फुरफुरत होती. आणि पंप कोण मारायचं?

पद्मा: हे मारायचे. जोरात.

गोदावरी: वाटलंच. पुरुषी दांडगाई. नव्या माणसाला घरात आणलं की जरा हळू घ्यायचं असतं. आली त्या दिवसापासनं काकडे लाव, पिना टोच, पंप मार. मग भडकेल नाही तर काय करेल? विष्णू, कोनाड्यातली चिंच दे. आणि राख.

विष्णुपंत: अक्का, आत्ता दोन घास पोटात जायच्या आधी हाच मेला परका पुरुष होता.

गोदावरी: तुम्ही लोकांनी मला चुकीचं नाव सांगितलंत, मी काय करू?

विष्णुपंत: वस्तू तीच आहे, एवढंच म्हणतो.

गोदावरी: म्हण. इथं धर जरा. हां, बघ, गळ्याशी कशी चमकायला लागली.

पद्मा: काकू, मग ते इथं ठेवायचं का मामांकडं?

गोदावरी: इथं ठेवून काय करायचं? विष्णूला साधा काकडा नीट लावता यायचा नाही, गावभर जाळ करील. आणि तुझ्या मामी परत आल्यावर ही परक्या घरात कोपऱ्यात पडून राहील. आपल्याबरोबर न्यायची. देवघराकडच्या खिडकीखाली एक पाट मांडून त्यावर ठेवू, पदर लागणार नाही असा. चहा आणि तुझं पाणी हिच्यावर. भाकरी आणि आमटी तिच्यावर. लढाईपायी उद्या रॉकेल मिळेनासं झालं तर ही आपली विश्रांती घेईल.

पद्मा: म्हणजे तुम्ही येणार?

गोदावरी: तुला पाचवा लागलाय. मी नाही आले तर तू काय नाथाजीला घेऊन बाळंत होणार आहेस?

विष्णुपंत: म्हणजे व्याकरणानं एक घर वाचवलं म्हणायचं.

गोदावरी: काही वाचवलं नाही. मी ही भाकरी वाढली तेव्हाच जायचं ठरवलं होतं. तू मध्ये बोललास म्हणून शेगडी वाचली, एवढंच. अनंता, वळ इकडे. वळ म्हणतेय ना. केवढा वाळलास रे आठवड्यात. रडू नकोस, लोणी खारट होईल. नाही, काही म्हणू नकोस. जेव.

पद्मा: काकू, मी ते चूल...

गोदावरी: अं?

पद्मा: ती चूल म्हणणार होते. पाठ केले होते मोटारीत.

गोदावरी: राहू दे. तू 'ते'च म्हण. तुझ्या तोंडी ठीक आहे ते.

विष्णुपंत: अक्का, एवढी वर्षं मी पोरांचे कान या एकाच चुकीसाठी पिरगाळले.

गोदावरी: म्हणून तुला कानडी येत नाही. चला, दुपारची मोटार गाठायची तर उरकायला हवं. विष्णू, संध्याकाळच्या भाकऱ्या दुरडीत झाकून ठेवल्यात. उद्यापासनं खानावळीत जेव, स्वतः काही करायला जाऊ नकोस. चुलीतला निखारा झाकलाय, त्याला हात लावू नकोस. माझं गाठोडं अनंता घेईल. शेगडी मी घेते.

विष्णुपंत: जड आहे, मी स्टँडपर्यंत आणतो.

गोदावरी: नको. धक्का लागेल तिला. पद्मा, उंबऱ्याला जप, पाय उचलून टाक. माझा हात धर. हा नको, हा मोकळा आहे.

पद्मा: धरले.

गोदावरी: तुमच्या कानडीत काकूला काय म्हणतात गं?

पद्मा: काकूच. ते शब्द आमच्याकडं पण हेच आहे.